वॉटर कूलिंग बसवण्याआधी खोलीचा पारा बघा

मराठवाड्यात लग्नसराई ऐन उन्हात येते. परभणी, नांदेड, जालन्याला पारा ४२-४३ ला टेकलेला असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या पोरांची मशीन रात्र-रात्र रेंडरला, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल काढायला, लागलेली असतात. पत्र्याची खोली, कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलेलं, समोर टेबल फॅन फुल स्पीडवर. तरी दुपारी चारच्या सुमाराला मशीन रडायला लागतं. सकाळी पाऊण तासात होणाऱ्या रेंडरला दुपारी तास-सव्वा तास लागतो. मग कुणीतरी मोबाइलवर काचेच्या कॅबिनेटमधल्या रंगीत नळ्या बघतं आणि विचारतं, "दादा, वॉटर कूलिंग टाकलं तर मशीन गार राहील का?"

खोलीत ४० अंश असतील, तर पाणी ४० च्या खाली जाणार नाही. कितीही भारी पंप लावा, कितीही मोठा रेडिएटर लावा, हा नियम मोडत नाही. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचलं तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे बरंचसं आपोआप कळेल.

कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. इंटेलचा कोअर आय-९ १४९००के हा प्रोसेसर जोर लावला की २५३ वॅटपर्यंत जातो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्डाची मर्यादा ४५० वॅट. आपल्याकडच्या एडिटिंगच्या मशीनमध्ये जास्त करून याहून मध्यम माल असतो. आरटीएक्स ४०७० धरलं तर कार्डाचे २०० वॅट, आणि प्रोसेसरचे सव्वाशे-दीडशे. म्हणजे साडेतीनशे वॅटची शेगडी टेबलाखाली सतत पेटलेली. ही उष्णता नखाएवढ्या चिपमध्ये तयार होते आणि तिला तिथून लवकरात लवकर हलवावं लागतं. नाहीतर चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. रायझन ७००० मालिकेतले बरेचसे प्रोसेसर ९५ अंशांवर आणि १४९००के १०० अंशांवर हात आखडता घेतात. दुपारी रेंडर रेंगाळतो तो यामुळे.

साध्या कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या ही उष्णता पात्यांपर्यंत नेतात आणि पंखा ती जागच्या जागी हवेत सोडतो. वॉटर कूलिंगमध्ये हे काम दोन ठिकाणी वाटलेलं असतं. चिपवर बसतो ब्लॉक, म्हणजे आतून बारीक खाचा असलेला तांब्याचा ठोकळा. त्यातून पाणी जातं, उष्णता उचलतं, नळीने रेडिएटरकडे येतं, तिथे पंखे ती हवेत टाकतात, आणि पंप तेच पाणी परत ब्लॉककडे ढकलतो. पाणी इथे फक्त हमाल आहे. हमाल मात्र तगडा. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. तेवढ्याच आकारमानाच्या हवेला यातला जेमतेम साडेतीन हजारावा भाग पुरतो.

याचा एक फायदा असा की लूपमध्ये, म्हणजे पाण्याच्या या फिरत्या वाटेत, कोणता भाग आधी आणि कोणता नंतर, यावर डोकं फोडायची गरज नाही. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल आणि ३०० वॅटचा भार असेल, तर एका फेरीत पाणी साधारण एका अंशाने तापतं. मिनिटाला एकच लिटर फिरलं तरी सव्वाचार अंश. म्हणून आधी कार्ड की आधी प्रोसेसर हा वाद घालण्यात अर्थ नाही. नळ्या जशा सुटसुटीत बसतील तशा बसवाव्या. क्रम पाळायचा तो एकाच जागी. पाणी भरायची टाकी पंपाच्या आधी आणि वर हवी, कारण पंपाला पाणी आयतं मिळालं पाहिजे. हे पंप त्याच पाण्यावर स्वतःला वंगण देतात. कोरडे फिरले की गेले.

आता खोलीच्या पाऱ्याकडे. ढोबळ हिशेब असा की पंखे बऱ्यापैकी फिरत असताना रेडिएटरच्या १२० मिलिमीटरच्या एका खणातून साधारण १०० वॅट निघून जातात, आणि तेव्हा पाणी खोलीपेक्षा १० अंशांनी वर असतं. ३६० चा रेडिएटर म्हणजे असे तीन खण. समजा भार ४०० वॅटचा आहे आणि रेडिएटर एकच ३६० चा. तर पाणी खोलीच्या वर १३ अंश जाईल. डिसेंबरच्या रात्री खोली २० अंशांवर असेल तर पाणी ३३ वर आणि सगळा कारभार निवांत. मे महिन्यात पत्र्याखाली ४१ असतील, तर पाणी ५४. प्रोसेसर त्या पाण्याच्याही वर तीस-पस्तीस अंश. म्हणजे ५४ चे झाले ८५-९०. पन्नास हजार घालवले, आणि दुपारी चारला मशीन पुन्हा जवळजवळ तिथेच येऊन उभं.

या ५४ मध्ये आणखी एक मेख आहे, आणि थंड देशातले व्हिडिओ बघून ती लक्षात येत नाही. डी-५ नावाचा जो पंप जगभर वापरतात, त्याला पाणी ६० अंशांच्या आत हवं. पीईटीजी प्लॅस्टिकच्या कडक पारदर्शक नळ्यांनाही बनवणारे साधारण तीच मर्यादा सांगतात. त्यापुढे नळी मऊ पडून फिटिंगमधून सरकायला लागते. ज्यांच्या खोलीत बारा महिने २२ अंश आहेत, त्यांना ६० कधी दिसणारच नाहीत. आपण मे महिन्यात त्याच्या उंबऱ्यावर उभे असतो. एखाद्या रेडिएटरचा पंखा अडकला किंवा जाळीत धूळ बसली की उंबरा ओलांडलाच. म्हणून मराठवाड्यात लूप करायचा तर पीईटीजी नको. कडक नळीच हवी असेल तर ॲक्रिलिक घ्या, ते जास्त उष्णता सोसतं. माझं मत विचाराल तर ईपीडीएम रबराची काळी मऊ नळी. दिसायला बागेच्या पाइपासारखी, फोटोत मार खाते, पण वाकते, कातरीने कापली जाते आणि उन्हाळ्यात झोप उडवत नाही. आणि रेडिएटर हिशेबाच्या दीडपट-दुप्पट. ४०० वॅटला दोन ३६०.

खरं काम मात्र खोलीत करायचं आहे. खोली ४१ वरून ३१ वर आणली तर पाणीही १० अंशांनी उतरतं आणि त्याच्याबरोबर प्रोसेसर आणि कार्डही. हा फायदा प्रोसेसरवर बसणाऱ्या साध्या दोन-तीन हजारांच्या एअर कूलरलाही तितकाच मिळतो. शिवाय मशीनची उष्णता कुठे जाते? त्याच खोलीत. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली बंद करून ५०० वॅटचं मशीन चालवलं, भिंतींनी काहीच शोषलं नाही असं धरलं, तर नुसती हवा सव्वा मिनिटात एक अंश तापेल. भिंती बरंच शोषतात म्हणून तसं होत नाही, पण पत्रा शोषत नाही, उलट वरून ओततो. जुन्या माळवदाच्या घरात मशीन ठेवलेले लोक सुखी असतात ते याचमुळे. जाड मातीचं छत दुपारचं ऊन खाली येऊ देत नाही. वरून माती झडते हा त्याचा त्रास, त्यावर नंतर येतो.

आपला वाळ्याचा किंवा गवताच्या पॅडचा कूलर मे महिन्यात कामाचा, कारण हवा कोरडी असते. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि खोली आठ-दहा अंश सहज उतरते. खिडकी थोडी उघडी ठेवायची, नाहीतर दमट हवा आतच कोंडते. कूलरचा झोत मात्र मशीनवर सरळ मारू नका. त्यात बारीक तुषार असतात, बोअरच्या पाण्यातले क्षार असतात, आणि ते मदरबोर्डावर पांढरा थर धरतात. दमट हवेने आत पाणी सुटेल का, असं काही जण विचारतात. नाही सुटणार. दव धरतं ते हवेपेक्षा गार वस्तूवर. लूपमधली प्रत्येक वस्तू खोलीपेक्षा गरमच असते.

इथे दुसरा ठरलेला प्रश्न येतो. टाकीत बर्फ टाकला तर? करून बघायला हरकत नाही, पण हिशेब बघा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल खातो. ३०० वॅटच्या मशीनसमोर तो साडेअठरा मिनिटं टिकेल. एका लग्नाच्या रेंडरला बर्फाची लादी आणावी लागेल. आणि पाणी खोलीपेक्षा गार झालं की वरचं दव धरण्याचं गणित उलटतं. मे मधल्या कोरड्या हवेत कदाचित निभावून जाईल, पण जुलैत दवबिंदू बावीस-तेवीस अंशांच्या आसपास असतो, तेव्हा ब्लॉकला घाम फुटून पाणी थेट प्रोसेसरच्या सॉकेटवर.

माठाची कल्पना त्याहून हुशार आहे. माठातलं पाणी खोलीपेक्षा खरोखरच गार असतं, कारण ते पाझरून उडतं. मग रांजणच टाकी म्हणून ठेवला तर? एक लिटर पाणी उडायला साधारण २४५० किलोज्यूल लागतात. दिवसभरात एक लिटर पाझरणारा माठ सरासरी २८ वॅट उष्णता बाहेर टाकतो. ४०० वॅटला दिवसाला १४ लिटर उडवणारी सोय हवी. एवढे माठ ठेवले तर कॉम्प्युटरला जागा उरणार नाही. शिवाय पाणी उडतं तसे मागे क्षार राहतात आणि दर आठवड्याला घट्ट होत जातात.

क्षारांचं प्रकरण तर आपल्या भागात कुणाला वेगळं सांगायला नको. ठिबकचे ड्रिपर बोअरच्या पाण्याने कसे चोंदतात आणि मग लॅटरलमधून ॲसिड कसं सोडावं लागतं, हे प्रत्येक वावरात माहीत आहे. ब्लॉकच्या आतल्या खाचा मिलिमीटरच्याही काही अंशांएवढ्या अरुंद असतात आणि त्यात ॲसिड सोडायची सोय नसते. म्हणून नळाचं, बोअरचं, जारचं पाणी बाद. आरओचंही बाद, त्यातही थोडे क्षार उरतातच. लागतं ते डिस्टिल्ड वॉटर. मोटारसायकलच्या बॅटरीत टाकायचं म्हणून दुकानात मिळतं त्याच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. सुटं, लेबल नसलेलं घेऊ नका. अख्ख्या लूपला लिटरभर पुरतं, त्यात काटकसर कशाला. त्यात शेवाळ न धरण्याचं आणि गंज न चढण्याचं औषध मिसळावं लागतं, किंवा ते मिसळलेलं तयार कूलंट घ्यावं. दुधाळ, चमकीचे कूलंट टाळा. त्यातला रंग कालांतराने खाली बसतो आणि खाचांत अडकतो. गाडीचं कूलंटही नको. त्यातलं ग्लायकॉल प्रामुख्याने पाणी गोठू नये म्हणून असतं. परभणीत पाणी कुठे गोठतंय? आणि ते विषारी असतं, घरात लेकरं आणि मांजर असतील तर आणखीच नको.

डिस्टिल्ड पाण्यातून वीज जात नाही, म्हणून गळलं तरी चालतं, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. बाटलीतून ओतताना ते बरंचसं खरं असतं. महिनाभर धातूंमधून फिरल्यावर त्यात आयन, म्हणजे वीज वाहून नेणारे कण, उतरतात, आणि बोर्डावरची धूळही त्यात विरघळते. गळतीला घाबरायचंच.

धातूंचा नियम एकच आणि कडक. तांबं, पितळ, निकेलचा मुलामा हे एकमेकांत चालतात. ॲल्युमिनियम त्यांच्यात नको. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. तयार, बंद स्वरूपात मिळणाऱ्या एआयओ कूलरचा रेडिएटर बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा असतो. जुना एआयओ पडलाय, त्याचा रेडिएटर वापरू, हा मोह इथेच मोडावा.

जोडणीत आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे प्लंबिंग येणारा मदतीचा हात. पीसीच्या फिटिंगला जी-वन-फोर (G1/4) मापाच्या आट्या असतात आणि पाणी अडतं ते आट्यांवर नाही, त्यांच्या बुडाशी बसणाऱ्या रबरी ओ-रिंगवर. नळाचा कॉक बसवणारा माणूस सवयीने आट्यांवर पांढरी टेफलॉन टेप गुंडाळतो आणि पाना लावून दणकून आवळतो. इथे टेपने फिटिंग पूर्ण खाली बसत नाही, तिचे धागे आत जाऊन खाचांत अडकतात, आणि ब्लॉकचं झाकण ॲक्रिलिकचं असेल तर पान्याच्या जोराने त्याला तडा जातो. बोटांनी घट्ट होईपर्यंत फिरवा, नंतर अगदी थोडंसं. ओ-रिंग आधी बोटावर घेऊन ताणून बघावी. कुठे चीर, कुठे चपटी असेल तर बदलावी. एक-दोन जास्तीच्या मागवून ठेवा. हिंगोलीत रविवारी रात्री ही चार रुपयांची वस्तू मिळत नाही आणि कुरिअरला चार दिवस लागतात. संभाजीनगरला असाल तर वाळूज-चिकलठाण्याकडे हायड्रॉलिकच्या दुकानात मापाची मिळून जाते, जुनी रिंग नमुना म्हणून खिशात घेऊन जावं.

नवा रेडिएटर आतून कधीच स्वच्छ नसतो, डाग देताना वापरलेल्या फ्लक्सचे कण त्यात असतात. कोमट डिस्टिल्ड पाणी अर्धं भरून, तोंडं बंद करून खळखळून हलवायचं, ओतायचं आणि काळपट कण येणं थांबेपर्यंत हेच. मग जोडणी, आणि पाणी भरताना बाकी मशीनला वीज अजिबात द्यायची नाही. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि शेजारची कोणतीही काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली की सप्लाय बोर्डाशिवाय सुरू होतो. नव्या सप्लायला सगळ्याच वायरी काळ्या असतात, तेव्हा तयार मिळणारा जंपर वापरा. सप्लायला फक्त पंप जोडलेला हवा. टाकी भरा, काही सेकंद चालवा, टाकी रिकामी व्हायच्या आत बंद करा, परत भरा. कॅबिनेट पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलवत राहिलं की रेडिएटरमधली हवा बुडबुड करत टाकीकडे येते. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून हे रात्रभर चालू द्या. सकाळी एकही टिश्यू ओला नसेल तरच बोर्डाला वीज.

लाईट गेली तर काय, हा प्रश्न सोपा आहे. मशीन आणि पंप एकदमच बंद पडतात, त्यामुळे तापायला काही उरत नाही. धोका आहे तो मशीन चालू असताना एकटा पंप बसण्याचा. पंपाची वेग सांगणारी वायर बोर्डाच्या सीपीयू फॅनच्या जागी लावा. वेग शून्य झाला की बायॉसमधून, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅममधून, सूचना येते किंवा मशीन सुरूच होत नाही. पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर न ठेवता पाण्याच्या तापमानावर ठेवायचा, त्यासाठी लूपमध्ये छोटा सेन्सर लागतो. प्रोसेसर सेकंदात वीस अंश वर-खाली उड्या मारतो, पाणी हळूहळू चढतं, त्यामुळे पंखे पिसाळल्यासारखे गुरगुरत नाहीत.

तर मग करावं का? फक्त प्रोसेसरसाठी असेल तर माझ्या मते नाही. सव्वाशे वॅटच्या प्रोसेसरला चांगला दोन मनोऱ्यांचा एअर कूलर आणि हा सगळा खटाटोप यांत काही अंशांचाच फरक पडतो, कारण उष्णता अडते ती बरीचशी चिप आणि तिच्या झाकणाच्या मधेच. तिथे पाणी पोचत नाही. कार्डाचं वेगळं. त्याची चिप उघडी असते, ब्लॉक थेट तिच्यावर बसतो आणि वीस-पंचवीस अंशांचा उतार मिळू शकतो. एका मशीनमध्ये दोन जाडजूड कार्डं असतील किंवा शेजारीच आवाज रेकॉर्ड करायचा असेल, तर लूपला खरा अर्थ आहे. बाकीच्यांनी तेच पैसे छताला पांढरा रंग, खिडकीला कूलर आणि चांगल्या कॅबिनेटमध्ये घालावेत. हौस म्हणून करायचं असेल तर मात्र हिशेब विचारू नका. हौसेला मोल नसतं.

केलंच, तर वर्षातून एकदा पाणी बदलावं लागतं. त्यासाठी लूपच्या सगळ्यात खालच्या जागी बंद-चालू करायचा कॉक आधीच बसवून घ्या, नाहीतर नळी उपसून टबात पकडायची कसरत करावी लागते. धूळ मात्र वर्षभर थांबत नाही. मे मधल्या वावटळी आणि माळवदाची माती, दोन्ही रेडिएटरच्या पात्यांत जाऊन बसतात. म्हणून दाट पात्यांपेक्षा विरळ पात्यांचा रेडिएटर घ्यावा, पुढे जाळी लावावी आणि दर महिन्याला मऊ ब्रशने झाडावा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. पाणी बदलायला चातुर्मास बरा. लग्नं थांबलेली असतात, मशीन दोन दिवस बंद ठेवलं तरी कुणाचा फोन येत नाही. बाहेर आलेलं पाणी पांढऱ्या कपात घेऊन उजेडात धरा. स्वच्छ असेल तर नवं भरून टाका. हिरवट झाक दिसली किंवा तळाशी गाळ बसला असेल, तर ब्लॉक उघडून जुन्या टूथब्रशने खाचा घासल्याशिवाय नवं पाणी ओतू नका.